शेजारी नको म्हणून घेतलेला सर्व्हर

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला एके काळी स्वतःचा सर्व्हर होता, असं आज सांगितलं तर शिवाजी पेठेतली पोरं हसतील. पण होता. अमेरिकेत कुठल्यातरी गावात होता आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे होता. तो कशाला घेतला असं कुणी विचारलं की मी सांगायचो, ईर्षेपायी. कोल्हापुरात एवढं कारण पुरतं. फुटबॉल असो, गणपती असो, नाहीतर साधं तालमीचं बोर्ड रंगवणं असो, पलीकडच्या पेठेपेक्षा आपलं वरचढ पाहिजे म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. पण ते कारण अर्धंच खरं होतं.

खरी गोष्ट मामांपासून सुरू होते. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पोटापाण्याला लग्नं, बारशी, शाळेच्या दाखल्याचे फोटो. पण मॅच असली की स्टुडिओला कुलूप घालून मामा कॅमेरा गळ्यात अडकवून मैदानावर. गोलच्या मागं, उन्हात, फतकल मारून बसायचे. ऐंशीच्या आधीपासून आमच्या तालमीच्या जवळजवळ सगळ्या मॅचेसचे फोटो त्यांनी काढले होते, आणि त्याचे पैसे त्यांनी कधी कुणाकडं मागितले नाहीत.

फोटोत माणूस अर्धा आला तर मामांचं डोकं फिरायचं. मला कॅमेरा हातात दिला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते हेच. "मागं सर, खाली बस, पडून घे, पर माणूस कापू नगंस. त्येच्या आईनं फोटू बघितला तर म्हनंल, माझ्या लेकाचा हात कुठं गेला?" मामांच्या फोटोंच्या पेट्या धुंडाळल्या असत्या तरी कडेला कापलेला माणूस सापडला नसता. पेठेत त्याची चेष्टाही व्हायची. मामांनी गोल हुकवला पण गोलकीपरची टोपी सोडली नाही, असं पोरं म्हणायची.

त्या पेट्यांत एक फोटो माझ्या बाबांचा होता. बाबा तालमीचे फुलबॅक. मी शाळेत असतानाच ते गेले, त्यामुळं त्यांचा खेळ मला धड आठवत नाही. फोटोत पलीकडच्या पेठेचा एक फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट निघालाय आणि बाबांनी मागून त्याची जर्सी मुठीत धरलीय. पकडले गेल्याचं त्यांना कळलंय, कारण ते रेफ्रीकडं बघून चक्क हसतायत. मामा म्हणायचे, "सरळ फाऊल हाय. पर फोटू बघ की, लई भारी हाय." आमच्या घरात बाबांचे दोनच फोटो होते, एक लग्नातला आणि एक हार घातलेला. दोन्हीत ते गंभीर. हसणारे बाबा फक्त मामांच्या पेटीत होते.

दोन हजार सालाच्या पुढंमागं मी पेठेतच सायबर कॅफे काढला आणि जोडीला वेबसाइट करून द्यायला लागलो. हॉटेलं, चपलांची दुकानं, एक गुळाचा व्यापारी. सगळ्यांच्या साईट्स मी एका कंपनीच्या शेअर्ड होस्टिंगवर ठेवायचो. म्हणजे एका मोठ्या खोलीत पंचवीस भाडेकरू. नळ एक, संडास एक, पण झाडलोट, डागडुजी, रखवाली सगळी मालकाची. आपण फक्त राहायचं. बॅकअपसुद्धा कंपनीच घ्यायची. आपल्याला त्यातलं काही कळलं नाही तरी चालायचं, आणि मला तेव्हा फारसं कळतही नव्हतं.

तालमीची साईट करायची ठरली तेव्हा मीच मामांना म्हटलं, तुमचे फोटो द्या, सगळे नेटवर घालू. मामांचा स्टुडिओ तेव्हा बंद पडायच्या बेतात होता. माळ्यावरच्या निगेटिव्हना केव्हाच बुरशी लागून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, राहिले होते ते प्रिंट. त्या उन्हाळ्यात मामा रोज दुपारी एकेक पेटी काखेत मारून यायचे, शेजारी खुर्ची ओढून बसायचे, आणि मी स्कॅन करत असताना प्रत्येक फोटोतल्या माणसाचं आडवंउभं चरित्र सांगायचे. हा गारगोटीहून शिकायला आलेला, बूट नव्हते, उसन्या बुटांवर खेळला. हा नेसरीचा, आता शेती करतो, गुडघा गेलाय. मी हं हं म्हणायचो आणि पुढचा प्रिंट काचेवर ठेवायचो.

सगळं वर चढवून झालं तेव्हा मामांनी विचारलं, "आता ह्ये कुठं जायाचं न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "मामा, नेटवर गेलेलं कुठं जात नाही. तुमचा स्टुडिओ पडेल, तालीम पडेल, हे राहील."

अगदी असंच म्हटलं. फुशारकीनं म्हटलं. आणि मामांनी ते खरं मानलं, कारण भाचा कॉम्प्युटरवाला. स्टुडिओ रिकामा करताना त्यांनी पेट्या घरी नेल्या नाहीत. ज्याचा फोटो त्याला, म्हणून वाटून टाकले. पेठेत घरोघरी गेले, एस.टी.नं गारगोटीला गेले, नेसरीला गेले. म्हातारे झालेले खेळाडू फोटो छातीशी धरून रडले असं परत आल्यावर सांगत होते. बाबांचा फोटो त्यांनी माझ्यापुढं धरला. "ह्यो तुझा."

मी मान वर न करता म्हटलं, "माझ्याकडं कॉम्प्युटरवर आहे की. द्या कुणाला तरी."

आई तेव्हापासून माझ्या मागं होती. तो हसणारा फोटो मोठा करून आण, भिंतीवर लावू. मी आणतो म्हणायचो. फोटो कुठं पळून चाललाय, असंच मला वाटायचं.

आता पोटातलं अर्धं सांगतो. पुढं एकदा पलीकडच्या पेठेच्या तालमीचे सेक्रेटरी माझ्या दुकानात आले. दुपारची वेळ होती, पेठ झोपलेली. म्हणाले, "पेठ बघू नका, पावणं, काम बघा. आमची बी साईट पायजे." मी काम घेतलं. धंदा बरा चालला होता, नाही म्हणता आलं असतं. पण आपलं काम बघून पलीकडची पेठसुद्धा आपल्याकडं येते, ह्याची गुदगुली झाली. एकच अट घातली, माझं नाव कुठं येता कामा नये. ते हसून म्हणाले, आमच्याबी तोंडातनं निघायचं न्हाय. त्यांचीही अडचण तीच होती.

त्यांच्याकडं फोटो नव्हते. जुने तर अजिबातच नव्हते. मामांच्या फोटोंत मात्र त्यांचे खेळाडू ढिगानं होते, कारण मॅच काय एका संघाची होत नाही. मी मामांना न विचारता ते घेतले. पण आमच्या पोरांचे चेहरे त्यांच्या साईटवर कसे चालतील? त्यांनाही चालले नसते आणि मलाही. म्हणून मी प्रत्येक फोटोतून आमची माणसं कापली. कुणाचा खांदा उडवला, कुणाचं डोकं. माणूस कापायचा नाही हे ज्यानं मला शिकवलं, त्याचेच फोटो घेऊन मी सलग दोन दिवस माणसं कापत बसलो होतो.

त्यांच्या त्या फॉरवर्डचा फोटो त्यांना पहिल्या पानावर पाहिजे होता. तो त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळाडू. त्याचा चांगला फोटो एकच होता. मी बाबांना कापलं. जर्सी धरलेली मूठ काही केल्या निघेना, पुसायला गेलो की जर्सी फाटल्यासारखी दिसायची. शेवटी मूठ तशीच ठेवली. पूर्ण फोटो आपल्या साईटवर आहेच की, अशी स्वतःची समजूत घातली आणि चहा प्यायला गेलो.

दोन्ही साईट्स माझ्याच खात्यात, एकाच सर्व्हरवर. कोण बघतंय?

त्या हंगामात फायनल त्यांनी मारली. आमच्याविरुद्धच मारली. संध्याकाळी त्यांची पेठ, पुण्याबंगळूरला गेलेली त्यांची पोरं, सगळी एकदम त्यांची साईट उघडायला लागली. वापर मर्यादेबाहेर गेला म्हणून कंपनीनं माझं अख्खं खातंच तात्पुरतं बंद केलं, आणि त्यांच्याबरोबर आमचीही साईट झोपली. म्हणजे मैदानावर हरलो ते हरलो, वर त्यांच्या गुलालात आमचं दारही बंद. आमच्या पेठेतलं एक पोरगं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होतं. त्यानं त्या सर्व्हरवरच्या साईट्सची यादी काढली आणि तालमीत फोन करून सांगितलं की आपली आणि त्यांची साईट एकाच सर्व्हरवर आहे.

तालमीत बैठक बसली. मला बोलावलं. अध्यक्ष म्हणजे वयस्कर पैलवान माणूस, कॉम्प्युटर त्यांनी लांबूनच बघितलेला. ते म्हणाले, "जगात एवढं सर्व्हर, आन् आपुन त्येंच्या मांडीला मांडी लावून बसलाव व्हय रं? ह्ये कसं झालं?"

"योगायोग," मी म्हटलं.

"योगायोग न्हाय, नाक कापलं आमचं. आपल्याला सवतं पायजे. शेजारी कोन नगं."

सवतं म्हणजे काय, हे ठरवायचं काम माझ्यावर आलं. मी दोन दिवस होस्टिंग कंपन्यांना फोन करत होतो. आख्खं मशीन भाड्यानं घेणं आपल्या आवाक्यातलं नव्हतंच. उरले दोन रस्ते. एक, दुसऱ्या कंपनीत साधं शेअर्ड खातं. दुसरा व्हीपीएस, म्हणजे एका मोठ्या मशीनचे आतल्या आत वाटे घालून एक वाटा आपल्या नावावर. वाटणीच्या जमिनीसारखं, तुकडा लहान पण बांध आपला. त्यात काय पेरायचं, पाणी कधी द्यायचं, राखण कोण करणार, सगळं आपल्यावर.

त्यातल्या एका कंपनीतल्या फोनवरच्या मुलीनं मला स्वच्छ सांगितलं होतं. सर, फोटोंचीच साईट असेल तर शेअर्ड घ्या, बॅकअप आमच्याकडे राहील. ह्या व्हीपीएसमध्ये बॅकअप तुम्हाला घ्यावा लागेल, आम्ही जबाबदार नाही. तिनं ते दोनदा म्हटलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि व्हीपीएस घेतला.

का घेतला? तालमीत सांगितलं, आपला स्वतःचा सर्व्हर, कुणी शेजारी नाही. ऐकून पोरांनी शिट्ट्या मारल्या. शिकायचीही खाज होती, नाही असं नाही. पण खरं कारण भीती होती. दुसऱ्या शेअर्ड खात्यावर पुण्याचं ते पोरगं पुन्हा यादी काढणार, शेजारी कोण ते बघणार, आणि खोदत खोदत जुन्या खात्याच्या मालकापर्यंत येणार. स्वतंत्र पत्ता घेतला की यादी काढायलाच काही उरत नाही. माझी चोरी झाकायला मी मामांचे फोटो राखणदार असलेल्या घरातून काढून उघड्या माळावर नेऊन ठेवले.

बॅकअप घेणार होतो. सीडीवर काढायचे, येत्या रविवारी. रविवार येत होते. दुकानातला स्कॅनिंगचा कॉम्प्युटर व्हायरसनं बेजार झाला तेव्हा मी तो सरळ फॉरमॅट मारला. फोटो सर्व्हरवर आहेत की.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी साईट उघडेना. मेल आला होता. तुमचा सर्व्हर ज्या मशीनवर होता त्याची डिस्क गेली, नवीन सर्व्हर चालू करून दिला आहे, आपल्या बॅकअपमधून माहिती परत चढवावी, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आत जाऊन बघितलं. कोरा, झाडून पुसून ठेवलेला सर्व्हर. मी फोन केला, भांडलो, आवाज चढवला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की हे आम्ही आधीच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. जुन्या कंपनीकडं शेअर्डवरचा बॅकअप मागितला, तर साईट हलवल्यावर महिन्याभरात तिचा बॅकअप पुसला जातो म्हणाले.

मामांना सांगायला मला आठवडा लागला. त्यांनी ऐकून घेतलं. "समदं?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग तेच म्हणाले, "असू दे. प्रिंट हायत की लोकांकडं. चल, परत काढू."

माझ्या मोटरसायकलवर मागं बसून सत्तरीचा माणूस त्या पावसात फिरला. मी डिजिटल कॅमेरा घेतला होता, प्रिंट मागायचा नाही, त्याचाच फोटो काढून आणायचा. दिलेली वस्तू परत मागणं मामांना लाजिरवाणं वाटत होतं, दारात उभं राहून ते आधी इकडचं तिकडचं बोलायचे, चहा घ्यायचे, मग हळूच विषय काढायचे. काही मिळाले. काहींच्या भिंतीला ओल लागून फोटो गेले होते. गारगोटीचा तो उसन्या बुटांवर खेळलेला माणूस वारला होता, घर बंद होतं. आणि बाबांचा फोटो कुणाला दिला, हे मामांना काही केल्या आठवेना. घरी परत येताना ते मागून सारखे म्हणायचे, "तुझाच हुता त्यो. तुला द्याला पायजे हुता. माझंच चुकलं." मी गाडी चालवत राहिलो. पाऊस तोंडावर येत होता आणि मला तो बरा वाटत होता.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी मामांना दुकानात बसवलं आणि पलीकडच्या पेठेची साईट उघडून दिली. ती जुन्याच शेअर्ड खात्यावर होती, ठणठणीत. कंपनी तिला सांभाळत होती.

मामांनी चष्मा पुसला. पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला. "ह्ये माझं फोटू हायत," म्हणाले. मग जवळ सरकून कडा बघायला लागले. प्रत्येक फोटोची कड. कुठं अर्धा बूट, कुठं कोपर.

"कुनी कापलं?"

"मी."

"कशापायी?"

"त्यांच्या साईटवर आपली माणसं कशी दिसायची, म्हणून."

ईर्षा त्यांनाही कळत होती, पेठेतलेच होते. चोरून काम घेतलं, न विचारता फोटो वापरले, ह्याचा जाबही त्यांनी विचारला नाही. एकेक फोटो पुढं सरकवत गेले आणि त्या फॉरवर्डपाशी थांबले. जर्सीवर मूठ होती. मनगटाच्या पुढं फोटो संपला होता.

"बाबाला बी?" मामा म्हणाले.

मला रडू येत होतं आणि समोरच्या कॉम्प्युटरवर एक कॉलेजचा मुलगा रेल्वेचं तिकीट बघत बसला होता. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ह्योच मोठा करून दे. तुझी आई कवाधरनं मागतीया. हात तर हात."

संध्याकाळी प्रिंट घेऊन आम्ही दोघं घरी गेलो. आई भाजी निवडत होती. तिनं हात पदराला पुसले, प्रिंट उजेडाकडं धरला. त्या फॉरवर्डकडं तिनं बघितलंच नाही. तिचं बोट सरळ त्या मुठीवर गेलं.

"त्येंचाच हात हाय," ती म्हणाली. मग प्रिंटच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "आन् त्ये कुठं हायत?"

मी तोंड उघडलं. वाटेत ठरवून आलो होतो की सगळं सांगायचं. पण माझ्या आधी मामा बोलले.

"ह्यो त्यो फोटू न्हवं, बाय, त्येच्या आदीचा. माझ्याच हातनं कापलं गेलं. नेम चुकला. तवा नवा हुतो मी."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. "दादा, तू कवा कुनाला कापलंस?"

"येकदाच," मामा म्हणाले. "नेमकं ह्येच."

मी तिथंच उभा होतो. ते खोटं मला तेव्हाच खोडून काढता आलं असतं, दोन शब्दांचं काम होतं. आईनं चहा विचारला, मामा नको म्हणाले. दारात बसून चपला घालताना ते एकदा तरी माझ्याकडं बघतील असं वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही, छत्री उघडली आणि गेले.